जुना पखवाज : रंगवावा की राखावा?



आज मी तुमच्याशी एका घरगुती म्हणावी अशा प्रश्नाविषयी बोलणार आहे. गावच्या देवळात, शाळेच्या कपाटात किंवा भजनी मंडळाच्या माळ्यावर एखादा जुना पखवाज, ढोलकी, तबल्याची जोडी नाही तर नगारा पडून असतो. पुडी फाटलेली, वाद्या सुटलेल्या, रंगाचे पोपडे निघालेले. उत्सव जवळ आला की कुणीतरी तरुण उत्साहाने म्हणतो, "आबा, हा घासून, रंग देऊन नवा करून टाकू का?" आणि आबा म्हणतात, "अरे, वाडवडिलांची वस्तू आहे ती. हात लावू नका." दोघांच्याही मनात वाद्याविषयी प्रेमच असते. पण पहिल्याचे ऐकले तर वाद्याचा इतिहास पुसला जाण्याची भीती, आणि दुसऱ्याचे ऐकले तर वाद्य कोपऱ्यात कुजून जाण्याची भीती. मग करावे काय?

मुंबईतल्या शिवडीचे उदाहरण घेतले म्हणजे हा प्रश्न नीट समजेल. शिवडी ही मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरची जुनी कामगारवस्ती. एका अंगाला १६८० च्या सुमारास बांधलेला किल्ला आणि खाडीचा चिखल, दुसऱ्या अंगाला कापसाची गोदामे, आणि पलीकडे परळ-लालबागच्या गिरण्या. सरकारने १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट नावाचे खाते काढले. त्या खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे कामगारांसाठी चाळी बांधल्या. बीडीडी चाळी म्हणतात त्या ह्याच. खोली साधारण १६० चौरस फुटांची. अशा खोल्यांतून रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतून आलेले गिरणी कामगार, गोदी कामगार राहिले. गिरणगावात तर कित्येक खोल्या 'गावाच्या खोल्या' म्हणूनच ओळखल्या जात. एका गावची माणसे एका खोलीत पाळीपाळीने झोपायची. खोली गावाची, तसा भिंतीवरचा देव गावाचा, आणि खुंटीला टांगलेला पखवाजही गावाचाच.

शनिवारी रात्री भजन, गणपतीत आरत्या, गोकुळाष्टमीला जागर. पुढे कोकणातल्या मंडळींनी डबलबारी रंगवली. दोन बुवा समोरासमोर, दोन पखवाजी समोरासमोर. दिवसभर गिरणीच्या साच्यावर राबलेला माणूस रात्री पखवाजावर बसला की त्याचे गाव त्याच्याजवळ येत असे.

मग १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. पुष्कळांना परत काम मिळालेच नाही. गिरण्या मागाहून बंद पडल्या, जागा विकल्या गेल्या, उंच इमारती आल्या. वरळी, नायगाव आणि डिलाईल रोडच्या चाळींची पुनर्बांधणी हाती घेतली गेली. शिवडीच्या चाळी बंदराच्या जमिनीवर असल्यामुळे त्यांचा प्रश्न मागे पडला. अशा वेळी खोली रिकामी झाली, किंवा जुना माणूस कायमचा गावी परतला, की सामानाबरोबर वाद्येही एस.टी.च्या टपावरून गावाकडे येतात. तेव्हा शिवडीच्या खोलीतल्या पखवाजाचे काय करायचे, हा प्रश्न शेवटी तुमच्या देवळाच्या पडवीतच सोडवावा लागतो. म्हणून तर आज हे बोलणे.

आता आपण वाद्याचे दोन भाग पाडू. एक झिजणारा भाग आणि दुसरा टिकणारा भाग.

झिजणारा भाग म्हणजे पुडी, तिच्यावरची शाई, कडेचा गजरा, कातडी वादी आणि वादीखाली ठोकायचे लाकडी गठ्ठे. वाजवणाऱ्याचा हात रोज पडला की पुडी सैल होणार, शाई उडणार, वादी तुटणार. यात वाद्याचा अपमान नाही. बैलाची नाल झिजली की आपण नवी मारतो, तसेच हे. पन्नास वर्षे वाजलेल्या पखवाजावर पहिलीच पुडी असेल, असे सहसा होत नाही. तेव्हा वाजत्या वाद्याची फाटकी पुडी बदलायला कचरू नये.

मात्र पुडी खरोखरच गेली आहे की नाही, हे आधी पाहावे. शाईच्या काळ्या गोलावर बारीक बारीक भेगांचे जाळे दिसते. ते पाहून कुणी म्हणतो, शाई तडकली, खरवडून काढा. थांबा! त्या भेगा कारागिराने मुद्दाम पाडलेल्या असतात. लोखंडाचे बारीक चूर्ण, काजळी आणि खळ यांचा लगदा पातळ थरांनी लावायचा, प्रत्येक थर दगडाने घोटायचा. घोटता घोटता तो बारीक तडकतो आणि म्हणूनच जड असूनही कातड्याबरोबर हलू शकतो. शाई एकसंध, कडक राहिली असती तर कातडे दबून गेले असते. शाईचे तुकडे उडू लागले, बोट लावताच सुटू लागले, किंवा खरखर असा आवाज आला, तर मात्र ती गेली असे समजावे.

शिक्षकांनी ही गोष्ट वर्गात जरूर सांगावी. नुसते कातडे ताणून वाजवले तर आवाज मोठा येतो, पण त्यात ठाम सूर सापडत नाही. आपल्या ढोलाचे तसेच आहे. पखवाजाच्या आणि तबल्याच्या पुडीतून मात्र गाणाऱ्याच्या षड्जाला मिळणारा सूर निघतो. हे कसे होते, याचा शोध चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कलकत्त्यात घेतला आणि १९२० साली 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. मधोमध जाड आणि कडेला पातळ होत गेलेल्या शाईच्या वजनामुळे कातड्याची निरनिराळी कंपने एकमेकांशी १, २, ३, ४, ५ अशा सुरेल प्रमाणात बसतात, असे त्यांनी दाखवले. ज्या रामन यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले, त्यांनी आपल्या निरक्षर म्हणवल्या जाणाऱ्या कारागिराच्या हातापुढे मान तुकवली, असेच म्हणायचे. म्हणून शाई घरी डांबराने किंवा काळ्या रंगाने 'दुरुस्त' करू नये. ते काम जाणत्या हाताचेच.

आता टिकणारा भाग. पखवाज-तबल्याचे खोड, नगाऱ्याचे किंवा डग्ग्याचे भांडे, आणि त्यांच्यावरच्या खुणा. खोड अखंड लाकडातून कोरून काढलेले असते. शिसव, खैर, बाभूळ, कोकणात फणस. हे लाकूड जसजसे जुने होते तसतसे सुकून स्थिर होते. आतली पोकळी आणि काठाची जाडी कारागिराने कानाने ठरवलेली असते. त्या काठावरच पुडी बसते. हा काठ कुणी रंधा मारून 'साफ' केला, तर पुडी कुठे ताणली जाते, कुठे सैल राहते, आणि वाद्य चारी बाजूंनी एका सुरात मिळेनासे होते. ही चूक नंतर भरून काढता येत नाही. गेलेले लाकूड परत येत नाही.

तीच गोष्ट वरच्या रंगाची. जुन्या वाद्यांच्या खोडावर कधी लाखेचा मुलामा असतो, कधी तैलरंगाचे पट्टे, आणि कित्येकांवर मंडळाचे नाव, गावाचे नाव, साल, देणगी देणाराचे नाव रंगाने लिहिलेले असते. अक्षर वाकडे असेल, शुद्धलेखन चुकलेले असेल. पण विचार करा, शिवडीच्या खोलीत राहिलेल्या त्या माणसांचे दुसरे काय उरले आहे? गिरणीचा बिल्ला हरवला, खोली गेली, गिरणी पाडली. 'अमुक ग्रामस्थ मंडळ, शिवडी' एवढी ओळ त्या खोडावर आहे. तोच त्यांचा दाखला. पॉलिश कागदाने दहा मिनिटे घासले की तो दाखला भुकटी होऊन जमिनीवर पडतो. वर कितीही चकचकीत रंग दिला, तरी ती ओळ परत येणार नाही. आणि पुन्हा तेच नाव नव्याने रंगवले, तर ती ओळ आपली होते, त्यांची राहत नाही.

वाजवणाऱ्याच्या तळव्याने गुळगुळीत झालेली जागा, मांडीवर टेकून पडलेला डाग, याही खुणाच आहेत. त्या दोष नव्हेत.

आणखी एक सावधगिरी. जुन्या तैलरंगांत शिसे असू शकते. त्याची भुकटी श्वासातून गेली तर घातक, आणि मुलांना तर फारच. म्हणून 'श्रमदान' म्हणून शाळेतल्या मुलांकडून जुने रंगवलेले वाद्य घासून घेऊ नका, ही माझी शिक्षकमंडळींना कळकळीची विनंती आहे.

हल्ली जुन्या खोडाला भोके पाडून वाद्यांच्या जागी नटबोल्ट बसवण्याचीही टूम आहे. सूर मिळवायला ते सोपे पडते, हे खरे. पण सोय हवी असेल तर नटबोल्टचे नवे वाद्य घ्यावे. जुन्या खोडाला भोक पाडले की ते कायमचे.

तांब्या-पितळेच्या भांड्यांचे थोडे निराळे आहे. देवळातला नगारा काळसर तपकिरी झाला म्हणून आपण चिंच, लिंबू, मीठ घेऊन बसतो. घरच्या तांब्याला ते ठीक. पण प्रत्येक घासणीत धातूचा बारीक थर निघून जातो, आणि भांड्यावर कोरलेली अक्षरे दर उत्सवाला थोडी थोडी पुसट होतात. तो तपकिरी थर धातूचे रक्षणच करतो, त्याला तसाच राहू द्यावा. भुकटीसारखा सुटणारा हिरवा कळंक दिसला तर मात्र हयगय करू नये. शिवडीसारख्या समुद्राकाठच्या खारट दमट हवेत राहिलेल्या भांड्यांना तो हटकून लागतो आणि धातू खात जातो. असे भांडे कोरडे ठेवावे, मऊ कोरड्या ब्रशाने भुकटी झाडावी आणि जाणकाराला दाखवावे. क्रोमचे पाणी चढवून चकचकीत करण्याच्या मोहात पडू नये. त्याआधी भांडे यंत्रावर घासतात, आणि कोरीव अक्षरांचा तिथेच निकाल लागतो.

इथे तुम्ही म्हणाल, मग काय, काहीच बदलायचे नाही? तसे मुळीच नाही. काही वेळा बदल करणे हेच राखणे असते. खोडाखाली ताजे पिवळसर पीठ पडलेले दिसले, तर आत भुंगा चालू आहे. तेव्हा पुडी उतरवून इलाज केलाच पाहिजे, नाही तर दोन पावसाळ्यांत खोड पोखरून जाईल. चीर गेली असेल आणि ती काठापर्यंत पोचली असेल, तर ती बांधून घेतलीच पाहिजे.

गोव्याच्या घुमटाचे उदाहरण फार बोलके आहे. घुमट म्हणजे मातीचे भांडे. त्याच्या तोंडावर पूर्वी घोरपडीचे कातडे ताणीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळाले. ते कातडे वापरणे गुन्हा ठरला. मग घुमट संपले का? नाही. कारागीर आणि वादक बकऱ्याच्या कातड्याकडे वळले, आणि २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान दिला. कातडे बदलले, भांडे तेच, ताल तोच, आरती तीच. परंपरा कशात असते, हे यावरून समजते.

आता याच्या अगदी उलट टोकाची हकिगत ऐका. इंग्लंडमध्ये बीटल्स नावाची गायक-वादकांची चौकडी होऊन गेली. १९६४ च्या फेब्रुवारीत त्यांनी अमेरिकेत पहिल्यांदा दूरचित्रवाणीवर कार्यक्रम केला. त्या वेळी त्यांच्या मोठ्या ढोलाच्या तोंडावर जो पडदा होता, त्याच्यावर त्यांचे नाव रंगवलेले होते. ढोलाचा पडदा हा खरे तर बदलून फेकून देण्याचा भाग. पण तोच पडदा कुणीतरी जपला, आणि २०१५ साली लिलावात त्याला २१ लाख डॉलरच्या वर किंमत आली. आपल्या गावच्या पखवाजाला लाखो रुपये मिळतील, असे मी सांगत नाही. सांगायचे ते एवढेच, की झिजणारा भागसुद्धा कधी कधी साक्षीदार असतो. म्हणून पुडी बदलली तरी जुनी पुडी फेकू नये. ती वाळवून, फडक्यात गुंडाळून, चिठ्ठी बांधून ठेवावी. कातडे कसे कापले होते, गजरा कसा विणला होता, हे पुढच्या कारागिराला तिच्यावरून कळते.

मग निर्णय कसा घ्यावा? मंडळाची बैठक भरवावी आणि वाद्य मधोमध ठेवून चार प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : हे वाद्य पुढे वाजणार आहे का? वाजवणारा माणूस गावात आहे, भजन चालू आहे, तर ते वाजू द्यावे. झिजणारा भाग नवा करावा आणि टिकणाऱ्या भागाला हात लावू नये.

दुसरा प्रश्न : याच्यावर काही लिहिलेले, कोरलेले, रंगवलेले आहे का? असेल तर घासणे आणि रंगवणे, दोन्ही बंद. नसेल आणि खोड उघडे, कोरडे पडले असेल, तर लाखेचा पातळ हात द्यायला हरकत नाही. खोबरेल चोपडू नये. धूळ बसते, वास येतो, आणि पुडीला लागले तर पुडी मरते.

तिसरा प्रश्न : जे करू ते उद्या उलटवता येईल का? पुडी उतरवता येते. वादी सोडता येते. रंधा, भोक आणि पॉलिश कागद यांना परतीची वाट नसते. शंका आली की परत फिरता येईल तेवढेच करावे.

चौथा प्रश्न : हे वाद्य आहे कुणाचे? शिवडीच्या खोलीतला पखवाज कुणा एकाच्या घरी उतरला असेल. पण तो वर्गणीतून घेतलेला असेल तर तो मंडळाचा आहे. एकट्याने परस्पर रंगवू नये, विकू तर मुळीच नये. भंगारवाला तांब्याच्या नगाऱ्याला वजनाने भाव देतो, त्याच्यावरच्या नावाला देत नाही. आणि १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू परवान्यावाचून देशाबाहेर पाठवता येत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

एखादे वाद्य इतके जुने आणि नाजूक असते, की ते वाजवणेच बरे नाही. अशा वेळी वर्गणी काढून वाजवण्यासाठी दुसरे घ्यावे, आणि जुने सन्मानाने विसाव्याला ठेवावे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुन्या वाद्यांचे एक मोठे दालन आहे. शाळेची सहल पुण्याला गेली तर मुलांना ते जरूर दाखवा. पण गावातले प्रत्येक वाद्य काचेच्या कपाटात जावे, असे मला वाटत नाही. वाजते वाद्य वाजण्यातच सुखी.

कारागिराकडे वाद्य नेताना तोंडी सूचना स्पष्ट द्याव्यात. "नवीन करून द्या" असे म्हणू नये. त्या शब्दांचा अर्थ तो बिचारा घासून रंगवणे असाच घेणार, आणि त्यात त्याचा दोष नाही. म्हणावे, "पुडी नवी चढवा, वादी लागेल तेवढी बदला. खोड घासू नका, रंग देऊ नका, काठाला लावायचे असेल तर आधी आम्हाला दाखवा. जुनी पुडी परत द्या."

आणि घरची निगा? पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावलेली कणीक भजन संपताच खरवडून काढावी. ती राहिली तर उंदीर आणि किडे कातड्यासकट फस्त करतात. वाद्य बरेच दिवस वाजणार नसेल तर गठ्ठे थोडे उतरवून ताण कमी करावा. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नये. ओल्या भिंतीला टेकवू नये. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नये, सुती कापडाची खोळ शिवावी आणि फळीवर ठेवावे. पावसाळा संपला की एकदा उघडून पाहावे. एवढे केले तरी पुष्कळ झाले.

शेवटी शिक्षकांना एक काम सुचवतो. वाद्याला हात लावण्यापूर्वी त्याचे चारी बाजूंनी फोटो काढा. वहीत लिहा : लांबी, दोन्ही तोंडांची रुंदी, लाकूड कोणते, काय लिहिले आहे, ते जसेच्या तसे, चुकीसकट. मग मुलांना गावातल्या वृद्धांकडे पाठवा. आजोबा, हा पखवाज कुठून आला? शिवडीला कोणत्या चाळीत होता? कोण वाजवायचे? बारी कुणाशी व्हायची? आजी, तुम्ही मुंबईला गेला होता तेव्हा ऐकला होता का? हे लिहून घ्या, आणि वाजवणारे हात अजून असतील तर त्यांचे बोलही लिहून घ्या. वाईजवळच्या बावधनच्या नाना पानसे यांच्या नावाने पखवाजाचे घराणे चालले, ते त्यांच्या लाकडामुळे नव्हे. बोल एका तोंडातून दुसऱ्या तोंडात आणि एका हातातून दुसऱ्या हातात गेले म्हणून चालले.

तेव्हा मंडळी, यंदाच्या उत्सवाआधी माळ्यावरचे ते वाद्य खाली काढा. पुसायचे ते कोरड्या फडक्याने. जे हाताने झिजले असेल ते निःशंक नवे करा. ज्याच्यावर कुणाचे नाव असेल ते तसेच राहू द्या. आणि रंगाचा डबा आणायला निघालेल्या तरुणाला म्हणा, "बाळा, आधी वही आण."